शॉक ॲब्सॉर्बर बदलूनही पुढची खटखट परत का येते? छोट्या स्पोर्टी गाड्यांसाठी समस्या निवारण

ठाणे आणि नवी मुंबईत ज्यांनी आपल्या पोलो जीटी, अबार्थ पुंटो, आय-२० एन लाइन किंवा स्विफ्टला मूळ शॉक ॲब्सॉर्बर काढून त्याजागी स्पोर्ट प्रकारचे, अधिक ताठ शॉक बसवून घेतले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकाच साच्यातली असते. पहिले काही आठवडे गाडी वळणात झुकत नाही, वेगात पुलावरून उतरताना डोलत नाही आणि मालक खूश असतो. मग पुढच्या एका बाजूने, बहुतेक वेळा डावीकडून, खटखट सुरू होते. गॅरेजमध्ये गाडी नेली की ‘साहेब, शॉक गेला’ असा निकाल मिळतो, नवा शॉक बसतो, आणि पुढचा पावसाळा सरण्याआधी तोच आवाज, कधी त्याच्या जोडीला तेलगळती, परत हजर होते.

या दुष्टचक्रात शॉक क्वचितच मुळातून दोषी असतो. ज्या गाड्यांत बिघाड पुन्हा पुन्हा येतो, त्यांतील बहुतेकांत शॉकची लांबी, स्प्रिंगची उंची आणि बम्प स्टॉप (शॉक पुरता दबण्याआधी धक्का झेलणारा दांड्यावरचा मऊ ठोकळा) यांचा मेळ बसलेला नसतो, आणि त्यामुळे सस्पेन्शनला हलायला जागाच उरलेली नसते. शॉक किती ताठ आहे याची चर्चा सगळे करतात. त्याला वर-खाली किती मिलिमीटर मोकळीक आहे हे फारसे कोणी मोजत नाही. जोवर ते मोजले जात नाही, तोवर कितीही महागाचा शॉक लावला तरी तो आधीच्याच मार्गाने जाणार.

वर उल्लेख केलेल्या चारही गाड्यांची मांडणी एकच आहे: पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाके जोडणारी, पिळ घेणारी तुळई. पुढचा शॉक म्हणजे स्ट्रट हा केवळ धक्का शोषणारा भाग नसून चाकाला उभे धरून ठेवणारा खांबही आहे. त्यामुळे ब्रेक मारताना आणि वळताना येणारा आडवा जोर त्याच्या दांड्यावर आणि सीलवर पडतो. मागच्या बाजूला ते काम बीम करतो, शॉकवर आडवा जोर फारसा नसतो, आणि म्हणूनच मागचे शॉक बहुधा पुढच्यांपेक्षा जास्त टिकतात. पुढे जे लिहिले आहे ते मुख्यतः पुढच्या स्ट्रटला धरून आहे.

आवाज नेमका कोणत्या क्षणी येतो

गाडी लिफ्टवर चढवण्याआधी आवाजाचा क्षण पक्का करणे आवश्यक आहे, कारण लिफ्टवर चाके लोंबकळत असतात, सस्पेन्शन पूर्ण ताणलेले असते आणि रस्त्यावर वाजणारा सांधा तिथे गप्प बसतो. यासाठी एका माणसाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने काच खाली करून बाहेरून किंवा मागच्या सीटवरून ऐकावे. ठाण्यात चाचणीच्या जागांची कमतरता नाही. सिग्नलजवळचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, माजिवडा आणि कापूरबावडीच्या उड्डाणपुलांचे सांधे, घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामालगतची असमान पट्टी आणि आपल्या सोसायटीच्या तळघरातला उतार, एवढ्यांत जवळजवळ सगळे आवाज निघतात.

पेव्हर ब्लॉकवरून रांगत्या वेगाने जाताना हलकी, पोकळ टकटक येत असेल, तर संशय आधी अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीला झुकण्यापासून रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) टोकाला जोडलेल्या छोट्या लिंक रॉडवर घ्यावा, त्यानंतर स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगवर आणि शेवटी शॉकवर. लिंक रॉडची शंका फेडण्याची रीत सोपी आहे: दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून, सुटी टोके कशाला घासणार नाहीत अशी बांधून, त्याच पेव्हर ब्लॉकवरून अत्यंत सावकाश गाडी न्यावी. आवाज गेला तर उत्तर मिळाले. एकच बाजू सोडवून उपयोग नाही, कारण बारचे दुसरे टोक अजून ताण देत राहते. अर्थात ही चाचणी सोसायटीच्या आवारापुरतीच ठेवावी. बार सुटलेला असताना गाडी वळणात जास्त झुकते.

गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग फिरवले की ‘कट्ट’ असा एकच आवाज येत असेल, तर तो स्ट्रट बेअरिंगचा किंवा स्प्रिंगच्या टोकाचा असतो. एकाने स्टीअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने चाकाच्या कमानीतून स्प्रिंगवर बोटे अलगद टेकवून ठेवावीत. स्प्रिंग ताणून एकदम उडी मारत असेल, तर बेअरिंग जाम आहे किंवा स्प्रिंगचे टोक खालच्या थाळीतल्या खाचेत बसलेले नाही. शॉक बदलताना जुनेच बेअरिंग परत लावण्याची काटकसर इथे अंगाशी येते. काम करणारा पुन्हा तेवढेच उघडणार असतो आणि मजुरी दुसऱ्यांदा लागते.

यानंतर उरतात ते दोन जड आवाज, आणि खरा विषय तिथेच आहे. गतिरोधकावर चढताना किंवा खड्ड्याच्या पुढच्या काठावर आदळताना ‘धप्प’ असा बोथट आवाज आला, तर सस्पेन्शन दाबले जाऊन बम्प स्टॉपवर टेकत आहे. याउलट गतिरोधक ओलांडून चाक खाली सुटताना ‘टण्ण’ असा धातूचा आवाज आला, तर शॉक पूर्ण उघडून आपल्या वरच्या मर्यादेवर आपटत आहे. हे दोन्ही आवाज गाडीत बसलेल्या माणसाला सारखेच वाटू शकतात, पण त्यांची कारणे एकमेकांच्या नेमकी उलट आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर दुखणे वाढते.

लांबी आणि उंची यांची फारकत

सुट्या भागांच्या दुकानात स्पोर्ट शॉक मागितला की दोन वेगळ्या जातींच्या वस्तू पुढे येतात. एक मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी बनवलेला असतो, दुसरा गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगसाठी. बिल्स्टाइनच्या यादीत ही फारकत स्पष्ट आहे: बी-६ मूळ उंचीसाठी आणि बी-८ खाली बसवलेल्या गाडीसाठी, ज्याची बांधणी आखूड असते. इतर अनेक कंपन्यांत ही माहिती खोक्यावर ठळक लिहिलेली नसते आणि सुटा भाग क्रमांक तपासूनच कळते. विकणारा ‘पोलोचा आहे, बसेल’ म्हणतो. ते खोटे नसते, कारण तो बसतोच. बोल्टची भोके जुळतात, डबा आत जातो, गाडी चालते. जुळत नाही ती हालचालीची मर्यादा, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

समजा मूळ गाडीत चालक बसल्यावर पुढच्या स्ट्रटला बम्प स्टॉपला टेकेपर्यंत ६० मिलिमीटर वाव आहे. आता ३५ मिलिमीटर खाली बसवणारा स्प्रिंग लावला आणि शॉक मात्र मूळ लांबीचाच ठेवला. उरला वाव २५ मिलिमीटर. आखूड स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा ताठ असतो म्हणून तो कमी दबेल, हे खरे, पण रस्त्यावर वापरायचे असे स्प्रिंग साधारण २०-३० टक्क्यांनीच ताठ असतात आणि इथे वाव निम्म्याहून अधिक गेला आहे. हिशेब जुळत नाही. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो आणि तो ताशी २५ किलोमीटर वेगासाठी आखलेला आहे. आपल्याकडे सोसायट्यांच्या फाटकांत स्क्रूने ठोकलेल्या रबरी पट्ट्या उंचीला त्याहून कमी असल्या, तरी इतक्या अरुंद असतात की चाकाला तो चढ एका झटक्यात घ्यावा लागतो. पंचवीस मिलिमीटर तिथल्या तिथे संपतात.

वाव संपला की भार बम्प स्टॉपवर जातो. तो फेसाळ पॉलियुरेथेनचा असतो, अधूनमधून दबायला बनवलेला, रोज शंभरदा दबायला नव्हे. काही महिन्यांत त्याचे तुकडे पडतात आणि हे तुकडे व धूळ दांड्याच्या सीलपाशी जमते. मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट शॉकच्या डोक्यावर आणि वरच्या माउंटिंगच्या रबरावर पोहोचतो. माउंटिंग फाटते, सीलमधून तेल येते, खटखट सुरू होते. शॉक बदलला जातो, बम्प स्टॉप तसाच राहतो किंवा जागेवर नसतोच, आणि तेच सगळे पहिल्यापासून सुरू होते. डावी बाजू आधी का जाते, याचेही उत्तर यातच आहे. डावे चाक रस्त्याच्या कडेने, गटारांच्या झाकणांवरून आणि पाणी साचून उखडलेल्या पट्टीवरून जास्त जाते.

उलट प्रकारात मालकाने मूळ स्प्रिंग ठेवलेले असतात आणि आखूड शॉक विकत घेतलेला असतो, कारण तो उपलब्ध होता किंवा स्वस्तात मिळाला. अशा गाडीत दाबाच्या बाजूला भरपूर वाव असतो, पण चाक खाली लोंबकळायच्या आधीच शॉक पूर्ण उघडतो. गतिरोधकाच्या पलीकडे चाक सुटले की शॉकच गाडीला झटका देऊन अडवतो. आतल्या पिस्टनवर आणि दांड्याच्या वरच्या नटावर हा मार रोजचा पडतो, नट ढिला होतो, आणि मग त्याच्या ढिलेपणाचा निराळाच आवाज सुरू होतो. मेकॅनिक नट आवळून देतो, आठ दिवस बरे जातात.

उलट्या बांधणीच्या मोनोट्यूब (एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा वायू असलेल्या) स्ट्रटमध्ये आणखी एक फसगत आहे. यांत जाड चकचकीत नळी वरच्या बाजूला दिसते आणि अनेक नमुन्यांत बम्प स्टॉप आतच बसवलेला असतो. गॅरेजमध्ये सवयीने जुन्या स्ट्रटवरचा बम्प स्टॉप काढून तोही बाहेरून चढवला जातो. दोन बम्प स्टॉप झाले की वाव तेवढ्याने घटतो आणि अगदी योग्य लांबीचा, योग्य स्प्रिंगवरचा शॉकही धपधप करू लागतो. बनवणाऱ्याच्या बसवणी-पत्रकात याबद्दलची ओळ असते. ते पत्रक खोक्यासह फेकून देऊ नये.

मोजमाप

उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची हवा आणि झीज त्यात गोंधळ घालतात. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे, चारही बाजूंचे, सपाट जमिनीवर, टाकीत नेहमीइतके इंधन असताना. शक्य असेल तर हे माप शॉक बदलण्याआधीच घेऊन ठेवावे. मापापूर्वी गाडी थोडी पुढे-मागे नेऊन सस्पेन्शन बसू द्यावे.

वाव मोजण्याची युक्ती जुनी आणि फुकटची आहे. शॉकचे धुळीचे रबर वर सरकवून दांड्यावर एक बारीक प्लास्टिकची केबल टाय घट्ट, पण सरकू शकेल इतपत, बांधावी आणि ती खाली डब्याच्या तोंडाला टेकवून ठेवावी. त्यानंतर नेहमीचा रस्ता नेहमीच्या वेगाने आणि नेहमीच्या माणसांसह करावा: ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने बेलापूर, किंवा वाघबीळहून तीन हात नाका. परतल्यावर टाय जिथे थांबली असेल, तिथवर शॉक दबला होता. ती बम्प स्टॉपमध्ये घुसून चेपलेली आढळली, तर बाकी तपास बाजूला ठेवून आधी उंचीचा प्रश्न सोडवावा. उलट्या स्ट्रटवर ही युक्ती चालत नाही. तिथे मागच्या शॉकवरून आणि उंचीच्या मापावरून अंदाज बांधावा लागतो.

कोलशेतमधल्या एका पोलोत हेच करून पाहिले तेव्हा मुख्य रस्त्यावर जाण्याची गरजच पडली नाही. तळघराचा उतार चढून फाटकाबाहेर आल्याबरोबर टाय बम्प स्टॉपमध्ये रुतलेली होती. त्या गाडीला एका ठिकाणाहून आखूड स्प्रिंग आणि दुसऱ्या ठिकाणाहून मूळ लांबीचे स्पोर्ट शॉक लावलेले होते, आणि डावा शॉक त्याआधी बदलून झाला होता. मालकाने नाखुशीने मूळ स्प्रिंग परत चढवले, शॉक तेच ठेवले, बम्प स्टॉप व माउंटिंग नवे घातले, आणि आवाज थांबला. नाखुशीचे कारण दिसण्याचे होते: टायर आणि मडगार्डमधली फट डोळ्यांना खुपते. माझे मत विचाराल तर ती फट म्हणजे घोडबंदर रस्त्यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. ज्यांना गाडी खाली बसलेलीच हवी आहे त्यांनी स्प्रिंग आणि आखूड शॉक एकाच कंपनीचा जुळवलेला संच म्हणून घ्यावा आणि गाडी २०-२५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली आणू नये. सुट्या भागांची स्वतः जुळवाजुळव करण्यात वाचतात ते पैसे दुसऱ्या शॉकमध्ये जातात.

काही जणांची तक्रार याच्या उलट असते: स्पोर्ट शॉक लावल्यावर गाडी, विशेषतः मागून, वर उचलली गेली. ही चूक किंवा फसवणूक नाही. मोनोट्यूब शॉकमध्ये नायट्रोजन वायू साधारण २० बार किंवा त्याहून अधिक दाबाने भरलेला असतो, तर साध्या ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेल्या) शॉकमध्ये तो दाब एक आकडीच असतो. हा वायू दांड्याला सतत बाहेर ढकलतो. दांडा १२ मिलिमीटर जाड धरला तर २० बार दाबाला हा जोर सुमारे २३ किलो वजनाइतका होतो, आणि छोट्या हॅचबॅकच्या मागच्या मऊ स्प्रिंगवर एवढ्याने उंची जवळजवळ एक सेंटिमीटर वाढू शकते. काही महिन्यांत रबरी बुश बसल्यावर यातला थोडा भाग कमी होतो. यावर उपाय म्हणून मागे आखूड स्प्रिंग लावणे हे सरळसरळ दुखणे विकत घेणे आहे.

‘फुल हार्ड’ची सवय

ज्या शॉकना ताठपणा कमी-जास्त करण्याची घुंडी असते, त्यांत एक निराळा बिघाड आढळतो आणि तो बिघाड नसतोच. अशा अनेक शॉकमध्ये, उदाहरणार्थ कोनी स्पोर्टमध्ये, घुंडी फक्त रिबाउंड बदलते, म्हणजे दबलेला शॉक पुन्हा उघडताना होणारा विरोध. शॉक दबताना होणारा विरोध जवळपास तसाच राहतो. घुंडी शेवटपर्यंत फिरवली की गाडी सपाट रस्त्यावर एकदम ‘बांधलेली’ वाटते आणि पामबीच रस्त्यावर तर फारच सुखद. मात्र टोलनाक्याच्या किंवा शाळेच्या अलीकडे असतात तशा एकामागोमाग एक पांढऱ्या रम्बलर पट्ट्या आल्या, की पहिल्या पट्टीवर दबलेले चाक दुसरी पट्टी येईपर्यंत पुरते उघडत नाही, तिसऱ्यापर्यंत आणखी दबते, आणि चौथ्या-पाचव्या पट्टीवर सस्पेन्शन खाली बसून बम्प स्टॉपवर आपटते. मूळ उंचीचे स्प्रिंग आणि योग्य लांबीचा शॉक असूनही धपधप ऐकू येणाऱ्या गाडीत हेच पाहावे.

स्प्रिंग ताठ केला म्हणून डॅम्पिंग, म्हणजे शॉकचा विरोध, त्याच प्रमाणात वाढवायचे नसते. वजन तेच असेल तर आवश्यक डॅम्पिंग स्प्रिंगच्या ताठपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे स्प्रिंग २५ टक्क्यांनी ताठ झाला तरी तोच तोल राखायला डॅम्पिंग साधारण १२ टक्केच वाढवावे लागते. मूळ स्प्रिंगवर तर घुंडी सर्वांत मऊ बाजूपासून सुरुवात करून एका वेळी थोडी फिरवावी आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फरक पाहावा. एका पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर पुरेसे आहे. दोन्ही बाजूंची घुंडी एकाच स्थानावर आहे याची खात्री टोकापासून मोजून करावी, कारण गॅरेजमधून परतलेल्या गाडीत डावी-उजवी वेगवेगळी आढळणे दुर्मीळ नाही. रविवारी पहाटे मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणाऱ्यांनी घुंडी तिथल्यापुरती वाढवावी आणि कल्याणला परतण्याआधी खाली आणावी, एवढे कष्ट घ्यायला हरकत नाही.

बसवतानाच होणारे नुकसान

उंची, लांबी आणि घुंडी ठीक असूनही नवा शॉक थोड्याच काळात गळू लागला, तर तो बसवला कसा गेला हे विचारावे. स्ट्रटचा वरचा नट सोडताना दांडा सोबत फिरू लागतो. त्याला धरण्यासाठी दांड्याच्या टोकाला षटकोनी खाच किंवा चपटे काप असतात आणि त्यात योग्य पाना घालून नट कसायचा असतो. घाईत दांड्याचा चकचकीत भाग पकडीने धरला जातो. पकडीच्या दातांचा ओरखडा नखाला जेमतेम जाणवतो, परंतु प्रत्येक हालचालीत तो सीलवरून करवतीसारखा फिरतो. हवेच्या गनने नट ठोकून बसवणेही टाळायला सांगावे, कारण दांडा वेगाने गरगरतो आणि आतली झडपांची जोडणी व सील त्यासाठी बनवलेली नाहीत.

ट्विन-ट्यूब शॉक खोक्यात आडवा पडलेला असतो तेव्हा वायू आतल्या नळीत शिरतो. बसवण्यापूर्वी शॉक उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण उघडावा लागतो, नाहीतर पहिल्या दिवसापासूनच खटखट येते आणि नवा शॉक ‘खराब निघाला’ म्हणून परत केला जातो. दोन मिनिटांचे काम आहे, पण वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी ते सांगितल्याशिवाय होत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बोल्ट कसताना गाडी कोणत्या स्थितीत आहे याकडे. लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे) आणि मागच्या शॉकच्या खालच्या टोकाचे रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाहीत. ते पिळ घेऊन हालचाल करू देतात. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण कसला तर रबर त्या स्थितीत पक्के होते आणि गाडी जमिनीवर उतरताच ते कायमच्या पिळात राहते. मग कुरकुर, काही महिन्यांत रबर फाटणे आणि त्यातून येणारी ठोकर, जी पुन्हा शॉकच्या नावावर खपते. उपाय असा की बोल्ट आधी हाताने बसवावेत, गाडी चाकांवर उतरवावी किंवा जॅकने चाक नेहमीच्या उंचीपर्यंत उचलावे, आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचे कसावे. फोक्सवॅगन आणि श्कोडाच्या गाड्यांत जे बोल्ट टॉर्कनंतर ठरावीक कोनात फिरवून कसायचे असतात, ते नवेच घालावे लागतात; जुने ताणलेले असतात. स्ट्रट उघडल्यानंतर व्हील अलाइनमेंट करणे आवश्यक आहे, कारण चाकाचा कल किंचित बदलला तरी ‘टो’चे, म्हणजे चाके समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत याचे, माप हलते आणि टायर आतून घासायला लागतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाच्या मूळ मापांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. मूळ मापाच्या जागी त्याच मापाचा दुसऱ्या कंपनीचा शॉक लावणे आणि गाडीची उंची बदलणे या एकाच पातळीवरच्या गोष्टी नाहीत, हे स्प्रिंग कापून घेण्याचा विचार असलेल्यांनी ध्यानात घ्यावे. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतरच्या दाव्यात तो मुद्दा निघू शकतो. कापलेला स्प्रिंग तर कोणत्याही कारणाने लावू नये, कारण चाक लोंबकळले की त्याचे टोक थाळीतून सुटू शकते.

शॉकच दोषी कधी मानावा

वरचे सगळे तपासून झाल्यावरही काही शॉक खरोखरच गेलेले असतात. सीलभोवती तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला थर हे बिघाडाचे लक्षण नाही. दांड्याला वंगण म्हणून थोडे तेल बाहेर येतच असते. तेल ओघळून स्प्रिंगच्या थाळीपर्यंत किंवा डब्याच्या निम्म्याच्या खाली आले असेल आणि पुसल्यावर काही दिवसांत परत तितकेच दिसत असेल, तर ती गळती. दांडा आडवा हलवून डब्याच्या तोंडाशी स्पष्ट ढिलाई जाणवत असेल, दांड्यावर एका बाजूने क्रोम घासलेला असेल, किंवा शॉक काढून हाताने दाबताना मध्येच विरोध नाहीसा होत असेल, तर तो बदलावाच. टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खळगे पडलेले असतील तर तीही खूण धरावी, मात्र त्याआधी चाकांचे बॅलन्सिंग तपासून घ्यावे. गाडीचा कोपरा हाताने दाबून ती किती वेळा डोलते हे पाहण्याची पद्धत आता फारशी विश्वासाची राहिलेली नाही, कारण त्या मंद हालचालीत निकामी होत आलेला शॉकही पुरेसा विरोध दाखवतो.

बदलायचा झाला तर पुढची जोडी एकत्र बदलावी, वरचे माउंटिंग, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धुळीचे रबर यांच्यासह. वॉरंटीत दावा करायचा असेल तर बसवण्याची पावती, सुटा भाग क्रमांक, मध्यबिंदूपासून मडगार्डपर्यंतची चारही मापे आणि केबल टायचा फोटो जोडावा. शॉक मूळ उंचीसाठीचा आणि गाडी आखूड स्प्रिंगवर, असे आढळले तर दावा बहुधा फेटाळला जातो, आणि त्यात विक्रेत्याशी वाद घालण्यासारखे फारसे काही नसते.